दाढीचा साबण म्हातारा कसा होतो?

(गोंदिया येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



टेबलावर तीन वस्तू ठेवल्यात. मागच्या रांगेला दिसत नसतील म्हणून सांगतो. पहिली, पत्र्याच्या गोल डबीतला दाढीचा साबण. आमगावकडच्या एका सलूनवाल्या काकांनी दुकान आवरताना तो आम्हाला दिला. त्यांच्या वडिलांच्या धोकटीतला आहे. काकांच्या दुकानात गेली तीस वर्षं ट्यूबमधली क्रीमच चालते, तेव्हा साबणाचं वय त्याहून जास्तच. दुसरी, अंघोळीच्या साबणाची एक वडी. ही आमच्याच घरच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत निघाली. तिसरी, मोहाच्या तेलाचा दाढीचा साबण. देवरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायांनी केलेला, अकरा महिन्यांपूर्वीचा.

तिन्ही हातोहात पुढे द्या. नाकाला लावून बघा, लाजू नका.

काय झालं? बरोबर. सगळ्यात म्हातारा साबण ठणठणीत आहे. वास जवळपास गेलाय, कड जराशी पिवळी पडलीय, बाकी काही नाही. आणि सगळ्यात तरुण साबणावर नारिंगी डाग पडलेत, नाक वाकडं करावं लागतंय. आज आपल्याला एवढंच समजून घ्यायचंय, की हे असं उलटं का झालं.

आधी एक कबुली. त्या गटाच्या बायांनी आम्हाला विचारलं होतं, "साबण साठवून ठेवला तर चालेल का?" आम्ही तोंड वर करून सांगितलं होतं, "साबण जितका जुना तितका चांगला." त्यांनी विश्वास ठेवला. पावसाळ्याआधी शंभरावर वड्या करून ठेवल्या, दिवाळीच्या प्रदर्शनाला नेऊ म्हणून. खोके उघडले तेव्हा अर्ध्याहून अधिक वड्यांवर हे डाग. बायांची मजुरी गेली, तेलाचे पैसे गेले. चूक त्यांची नव्हती, आमची होती. आजचं व्याख्यान त्या चुकीतून निघालं आहे.

आता साबणाचं शास्त्र, थोडक्यात. तेल किंवा चरबी अल्कलीबरोबर शिजवली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. अल्कली कॉस्टिक सोडा असेल तर साबण कडक होतो, कॉस्टिक पोटॅश असेल तर मऊ. दाढीच्या साबणात बहुधा दोन्ही असतात. वडी टिकावी म्हणून सोडा, आणि ब्रशला पटकन सुटावा, दाट मलईसारखा फेस यावा म्हणून पोटॅश. तेलांतही फरक असतो. नुसत्या खोबरेल तेलाच्या साबणाचा फेस भरभर येतो, भरभर मोडतो आणि गाल कोरडे करतो. वस्तरा फिरेपर्यंत गालावर टिकणारा फेस हवा असेल तर स्टिअरिक आणि पामिटिक ही दोन स्निग्धाम्लं भरपूर लागतात. ही दोन नावं ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

साबण म्हातारा होतो म्हणजे त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. पाणी कमी-जास्त होतं, वास जातो आणि स्निग्धांश बिघडतो. आपण तिन्हींना मिळून "साबण जुना झाला" म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. आमचाही तोच झाला होता.

पाण्याचं सोपं आहे. आपल्या आज्या नवीन साबण आणला की कागद काढून फळीवर वाळत ठेवायच्या. वाळलेला साबण जास्त दिवस पुरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते खरंच आहे. कारखान्यातल्या वडीतही दहा-पंधरा टक्के पाणी असतं. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या अंघोळीच्या साबणात एकूण स्निग्ध द्रव्य किमान ७६ टक्के लागतं. उरलेल्यात बराच वाटा पाण्याचा. म्हणून वेष्टनावर वजनापुढे "पॅक करतेवेळी" असं छापलेलं असतं. दुकानात पडून वडीचं वजन घटतं, कायद्यालाही ते मान्य आहे. घरी ओतलेल्या साबणात पाणी आणखी जास्त, म्हणून तो चार-सहा आठवडे वाळवायचा. "जुना तितका चांगला" हे वाक्य या चार-सहा आठवड्यांपुरतं खरं आहे. आम्ही ते वर्षाला लावलं.

दाढीच्या साबणात ग्लिसरीन आणि पोटॅश असल्यामुळे तो हवेतलं पाणी ओढतोही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. साबण उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात त्याला घाम फुटतो, पुन्हा हिवाळ्यात वाळतो. अशी पाच-दहा वर्षं गेली की भेगा पडतात, डबीत साबण सुटून खुळखुळ वाजतो. हे दिसायला वाईट, पण साबणाचं त्यात काही बिघडत नाही. वरून चमचाभर गरम पाणी घालून दहा मिनिटं ठेवा, ब्रश फिरवा, फेस येतो. पृष्ठभागावर कधी पांढरी भुकटी दिसते. घरच्या साबणात उरलेली अल्कली आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा तो सोडा, पुसून टाकायचा.

वासाचं थोडं वेगळं आहे. शालूच्या घडीत साबण कशाला ठेवतात? शालूला वास लागावा म्हणून. म्हणजे साबणातून वास जातो हे आपल्याला माहीत आहे, आपण तो कामालाही लावतो. लिंबू-संत्र्याचे हलके वास आधी उडतात. चंदन, वाळा असे जड वास मागे राहतात. म्हणून जुन्या साबणाचा वास वेगळाच वाटतो. तो बदललेला नसतो, अर्धा उडालेला असतो. पण इथे एक सावधगिरी. लिंबूवर्गीय तेलांतले आणि लॅव्हेंडरमधले काही घटक हवेने बदलले की कातडीला ॲलर्जी करू शकतात. नुकता वस्तरा फिरलेल्या गालाला ते जास्त झोंबतं. फार जुन्या, भरपूर सुगंधी साबणाने गाल चुरचुरला तर ब्लेडला दोष देण्याआधी साबण बदलून बघा.

आता मुख्य मुद्दा, स्निग्धांश.

मराठीत वाईट वासांसाठी फार नेमके शब्द आहेत. ओल लागलेल्या कपड्याचा कुबट. शिळ्या वरणाचा आंबूस. आणि जुन्या खोबऱ्याचा, शेंगदाण्याचा, दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी राहिलेल्या शेवेचा खवट. कुबट वास बुरशीचा, आंबूस वास जंतूंचा. खवट वासाला बहुतेक वेळा जंतूही लागत नाहीत, बुरशीही लागत नाही. नुसता ऑक्सिजन पुरतो. तिसऱ्या वडीला नाक लावून तुमच्यापैकी एक ताई आत्ता "खवट" म्हणाल्या. त्यांनी निदान केलं, आम्ही फक्त कारण सांगणार.

स्निग्धाम्ल म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. स्टिअरिक आम्लात अठरा कार्बन, सगळे एकेरी जोडलेले. त्यात ऑक्सिजनला शिरायला फट नाही. ओलेइक आम्लातही अठराच, पण एका जागी दुहेरी जोड असते. लिनोलेइकमध्ये अशा दोन जोडा, लिनोलेनिकमध्ये तीन. दुहेरी जोडीच्या शेजारचा हायड्रोजन सैल असतो, तिथून ऑक्सिजन आत येतो. वाटेल की दोन जोडा म्हणजे बिघाड दुप्पट. तसं नाही. लिनोलेइक हे ओलेइकपेक्षा साधारण दहा-बारा पट वेगाने बिघडतं, कारण दोन जोडांच्या मधला हायड्रोजन फारच सैल.

आणि ही साखळी-प्रक्रिया आहे. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. पण लगेच नाही. सुरुवातीचा बराच काळ शांततेत जातो. तेलात निसर्गतःच असलेलं ई जीवनसत्त्व वगैरे रक्षक तोवर किल्ला लढवत असतात. ते संपले की सगळं भराभर होतं. आठ महिने वडी पांढरीशुभ्र आणि पुढच्या पंधरा दिवसांत डाग, हे असं घडतं. "कालपर्यंत तर चांगला होता" हे गटातल्या ताईंचं वाक्य शब्दशः खरं होतं.

तेलात दुहेरी जोडा किती, हे मोजायला आयोडीन अंक वापरतात. अंक मोठा तितकं तेल नाजूक. खोबरेलाचा दहाच्या आसपास. मोहाच्या तेलाचा साठ-सत्तर. तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा शंभराच्या आसपास. आणि आपण धानाच्या बांधीत उतेरा म्हणून जवस टाकतो, त्या जवसाच्या तेलाचा दीडशेच्या बराच वर. म्हणून तर जवसाचं तेल हवेत वाळून कडक पापुद्रा होतो, रंगात वापरतात. साबणासाठी तोच गुण दोष ठरतो. स्टिअरिक आम्लाचा अंक मात्र शून्याच्या जवळ.

आता काकांच्या डबीचं कोडं सुटतं. दाढीच्या साबणाचा पाया मुळात स्टिअरिक-पामिटिकचा. तो दाट फेसासाठी निवडलेला, टिकण्यासाठी नव्हे. टिकणं हे फुकट मिळालं. युरोपात त्यासाठी गुराची चरबी वापरत. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलांपासून साबण काढला, त्यामागे या चरबीचं अनेकांना वाटणारं वावडंही होतं. पुढे तेलात हायड्रोजन घालून त्याच्या दुहेरी जोडा मिटवण्याचं तंत्र आलं. १९३७ चा डालडा त्याच तंत्राचा. तेलापेक्षा डालडा जास्त का टिकायचा, तेही यातच आलं.

डबीच्या कडेला बघा, पत्रा गंजून साबणाला पिवळी रेघ आली आहे. लोखंड हे खवटपणाचं इंजिन आहे, तांबं तर त्याहून जोरदार. तरी त्या रेघेला खवट वास नाही. लोखंड आहे, हवा आहे, वर्षं आहेत, पण बिघडायला दुहेरी जोडाच जवळपास नाहीत. पितळी वाटीत दाढीचा साबण ठेवणाऱ्यांना हिरवा डाग दिसतो, तो तांब्याचा. तिथला साबण खरवडून टाका आणि वाटी काचेची किंवा स्टीलची घ्या.

मग मोहाच्या वडीचं काय चुकलं? मोहाच्या तेलात स्टिअरिक आणि पामिटिक मिळून चाळीस टक्क्यांच्या पुढे असतं. म्हणून ते थंडीत तुपासारखं थिजतं, आणि म्हणूनच त्याचा दाढीचा साबण करण्याची कल्पना चांगलीच होती. उरलेल्यात ओलेइक बरंच आणि लिनोलेइक दहा-पंधरा टक्के. म्हणजे टिकेल असंही नाही आणि टिकणारच नाही असंही नाही. तेल कसं निघालं आणि कसं राहिलं, त्यावर सगळं ठरतं.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलात वेचतो. फळं पिकतात मे-जूनमध्ये, आणि बी, म्हणजे टोळ किंवा टोरी, गावागणिक नाव बदलतं, गोळा होते ऐन पावसाच्या तोंडावर. ती नीट वाळली नाही, ढीग ओला राहिला, तर बीच्या आतच एन्झाइम आणि बुरशी तेल फोडायला लागतात. इथल्या राइस मिलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. कोंडा मिलमधून निघाला की त्यातलं लायपेज नावाचं एन्झाइम तासाभरात कामाला लागतं. लगेच वाफ देऊन ते मारलं नाही तर कोंड्याचं तेल खाण्याजोगं राहत नाही. मोहाच्या बीत हे एवढ्या घाईने होत नाही, पण होतं तेच. फुटलेली स्निग्धाम्लं साबण व्हायला हरकत नसते, उलट ती चटकन साबण होतात. पण ती ऑक्सिजनलाही लवकर बळी पडतात.

गटाने वापरलेलं तेल आदल्या वर्षीचं होतं. पत्र्याच्या डब्यात, पत्र्याच्याच छपराखाली, एक अख्खा उन्हाळा राहिलेलं. आम्ही ते बघितलं होतं, वासही घेतला होता, "मोहाच्या तेलाला वास असतोच" म्हणून सोडून दिलं होतं. रक्षकांचा किल्ला तेलातच पडत आला होता. साबण ओतला त्या दिवशी तो दिसायला नवा होता, वयाने दीड वर्षाचा.

साबणाचं वय साबण ओतल्यापासून मोजायचं नसतं. घाणीतून तेल निघालं त्या दिवसापासून मोजायचं. खरं तर बी वेचली त्या दिवसापासून. वड्या आम्ही नीट ठेवल्या होत्या की नाही, याचाच काथ्याकूट आम्ही महिनाभर करत बसलो होतो.

त्यात आणखी दोन गोष्टींनी भर घातली. तेल लोखंडी कढईत तापवलं होतं. आणि साबण गालाला मऊ लागावा म्हणून अल्कली थोडी कमी ठेवून मोकळं तेल जास्त सोडलं होतं. पाच टक्क्यांच्या आसपास मोकळं तेल ठेवतात, पण ताज्या तेलात. शिळ्या तेलात तो खवटपणाचा कोठा होतो. म्हणून कोणी अल्कली वाढवू मात्र नका, जास्त झालेली अल्कली कातडी भाजते. आणि भांडं बदलायचं म्हणून ॲल्युमिनियम तर मुळीच नको. कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलच घ्या.

यंदा गटाने रीत बदलली आहे. बी टणक वाळवून घाणीला देतात. तेल गच्च भरलेल्या स्टीलच्या डब्यात, कवेलूच्या घरात, जमिनीलगत ठेवतात. माळ्यावर नाही. दर दहा अंश तापमान वाढलं की बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि मे महिन्यात माळा व जमीन यांत तेवढा फरक सहज पडतो. साबण थोडा थोडा, वर्षात तीन-चारदा करतात. दाढीच्या वडीत मोहाचं तेल कमी करून त्यात स्टिअरिक आम्ल घालतात. थोडं कोकमतेलही घालून बघितलं. हिवाळ्यात टाचांना लावतो ती पांढरट वडी, गोव्याकडे भिरंडेल म्हणतात. त्यात अर्ध्याहून जास्त स्टिअरिक असतं. फेस सुरेख आला, पण कोकणातून मागवायचं म्हणजे वडीची किंमत वाढते. देवरीच्या बाजारात ती किंमत कोण देणार, हा प्रश्न रसायनशास्त्राने सुटत नाही. वाळलेल्या वड्या बटर पेपरात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवतात. आणि प्रत्येक खोक्यावर आता दोन तारखा लिहितात, तेल काढल्याची आणि साबण ओतल्याची.

आमचं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: खवट साबण वापरला तर काय होतं?

विष वगैरे नाही. पण खवटपणात तयार होणारे पदार्थ कातडीला त्रास देऊ शकतात, आणि दाढीनंतर कातडी उघडी असते. डाग एकदोनच असतील तर सुरीने कापून आतला वास घ्या. आत चांगला असेल तर वापरा. वडीच खवट असेल तर फरशी, पायपुसणी धुवायला घ्या. धुण्याची ताकद कायम असते.

प्रश्न: ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून घातल्या तर?

ताज्या तेलात घातलं तर शांततेचा काळ लांबतो. रोजमेरीचा अर्कही तसाच काम करतो. खवट झालेल्या तेलात घालून काही परत येत नाही. दूध नासल्यावर फ्रिजमध्ये ठेवण्यासारखं आहे ते.

प्रश्न: ट्यूबमधली क्रीम किती टिकते?

तिला साबणाचे नियम लावू नका. तिच्यात पाणी खूप असतं, ते वेगळं होतं, परिरक्षकांची ताकद संपते. छापलेली तारीख पाळा. पाणी सुटलं असेल तर टाकून द्या.

प्रश्न: आजोबांचा ब्रश आहे, तो चालेल का?

साबणापेक्षा ब्रशची काळजी जास्त करा. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स पसरला होता. आजोबांचा ब्रश आठवण म्हणून ठेवा, नवा घ्या.

प्रश्न: काकांचा तो डबीतला साबण तुम्ही स्वतः वापराल?

आज सकाळीच वापरला. वरचा थर आणि गंजाची कड खरवडून काढली, गरम पाणी घातलं. पहिला फेस पातळ आला, दुसऱ्यांदा चांगला दाट. काकांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "मग परत द्या की!"

प्रश्न (बचत गटातल्या एक ताई): सर, मागच्या सालचं दोन डबे तेल अजून घरी आहे. त्याचं काय करावं?

ताई, दाढीचा साबण त्याचा करू नका, अंघोळीचाही नको. कपड्यांचा साबण करा आणि दोन-तीन महिन्यांत खपवा, साठवू नका. उरलं तर दिव्याला. आणि डबे पुन्हा तेलासाठी वापरण्याआधी सोड्याच्या गरम पाण्याने नीट धुऊन कोरडे करा. तळाशी राहिलेलं चमचाभर जुनं तेल नव्या तेलाला लवकर बिघडवतं. पत्र्याचे असतील तर तेलाला वापरूच नका, धान्याला ठेवा.